येऊ नका, असं सांगणारी शहरं

सप्टेंबर १९७२. कंपालाहून निघणाऱ्या 'युगांडा आर्गस' या इंग्रजी दैनिकात एक जाहिरात छापून आली. जाहिरातदार होती हजारो किलोमीटर दूर, इंग्लंडमधल्या लेस्टर शहराची नगर परिषद. युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन यानं ऑगस्टमध्येच फर्मान काढलं होतं, की आशियाई वंशाच्या लोकांनी ९० दिवसांत युगांडा सोडावा. दुकानं, घरं, बँकेतला पैसा मागे टाकून लोक विमानाच्या तिकिटांसाठी रांगा लावत होते. आणि नेमकं त्याच दिवसांत एका शहरानं पदरचे पैसे मोजून त्यांना कळवलं: तुमच्या आणि तुमच्या कुटुंबाच्या हिताचा विचार करा, लेस्टरला येऊ नका.

या जाहिरातीची भाषा कुठेही उद्धट नाही, आणि मला तिच्यातलं हेच सर्वांत बोलकं वाटतं. वर्णाचा उल्लेख नाही, धर्माचा नाही, 'तुम्ही वेगळे आहात' असा सूरही नाही. आधी येऊन स्थिरावलेल्यांना शहर ज्या अवस्थेत मिळालं, ती अवस्था आता राहिलेली नाही, एवढं सांगून खाली कारणं मांडली आहेत. परिषदेच्या घरांसाठी हजारो कुटुंबं आधीच प्रतीक्षायादीत आहेत. शेकडो मुलं शाळेत जागा मिळायची वाट पाहत आहेत. समाजकल्याण आणि आरोग्यसेवा ताणून ताणून तुटायच्या बेतात आहेत. घर, शाळा, दवाखाना. जगातल्या कुठल्याही शहरात बाहेरून येणाऱ्यांविषयी बोलणं निघालं, की गाडी याच तीन स्टेशनांवर थांबते. पुढे कोण किती खाली घसरतं तो ज्याच्या त्याच्या संस्काराचा भाग.

जाहिरातीचा काही उपयोग झाला नाही. त्या काळात साधारण २८,००० युगांडावासी आशियाई ब्रिटनमध्ये आले आणि त्यातले हजारो लेस्टरलाच गेले. ज्यांना या शहराचं नावही ठाऊक नव्हतं त्यांना ते जाहिरातीमुळे कळलं, असं पुढे गमतीनं सांगितलं जाऊ लागलं. खरी कारणं साधी होती. केनियातून १९६८ च्या सुमारास आलेले नातेवाईक आणि ओळखीचे लोक तिथे आधीच होते. होजियरीचे आणि बुटांचे कारखाने चालू होते आणि त्यांत बायकांनाही काम मिळत होतं. बेलग्रेव्ह भागातली एकाला एक लागून असलेली जुनी घरं स्वस्त होती, कारण तो भाग पाडून नवा बांधायचं घाटत होतं आणि जुने रहिवासी उपनगरांकडे सरकत होते. म्हणजे परिषद जे शहर भरलेलं म्हणून सांगत होती, त्याच्या एका कोपऱ्यात दारांना कुलपं लागत होती.

आज त्याच बेलग्रेव्ह रोडला लोक 'गोल्डन माइल' म्हणतात. २०२१ च्या जनगणनेत लेस्टरमधल्या ४३.४ टक्के रहिवाशांनी आपण आशियाई वंशाचे असल्याचं नोंदवलं, आणि गोऱ्यांचं प्रमाण ४०.९ टक्के निघालं. युगांडातून आलेल्यांची गोष्ट शहर आता स्वतःची म्हणून अभिमानानं सांगतं. मला कुतूहल आहे ते मधल्या प्रवासाचं. तो काही गोडीगुलाबीत झाला नाही. १९७४ मध्ये इंपीरियल टाइपरायटर्स या कारखान्यातल्या आशियाई कामगारांनी संप केला तेव्हा त्यांच्याच कामगार संघटनेनं त्यांच्याकडे पाठ फिरवली. १९७६ च्या स्थानिक निवडणुकीत नॅशनल फ्रंट या उघड वर्णद्वेषी पक्षाला या शहरात सुमारे १८ टक्के मतं पडली. म्हणजे 'येऊ नका' पासून 'आमचेच' पर्यंत यायला जवळजवळ एक पिढी गेली, आणि त्या पिढीनं बरंच सोसलं.

या विषयावर बोलताना आपण सहसा दोनच कारणं देतो. एक, फार लोक आले म्हणून स्थानिक बिथरले. दोन, अमुक गावचे लोकच कोत्या मनाचे, तमुक गावचे दिलदार. दोन्ही कारणं बोलायला सोपी आणि तपासायला घेतली की दोन्ही ढासळतात. माझं मत असं बनत गेलंय, की येणारा कोण आहे आणि किती संख्येनं येतोय यापेक्षा तो आला तेव्हा शहर कशाच्या मधोमध होतं, यावर त्याचं स्वागत जास्त ठरतं.

आधी संख्येचं बघू. २०११ मध्ये लंडनच्या दर १०० रहिवाशांतले सुमारे ३७ परदेशात जन्मलेले होते. २०१६ च्या सार्वमतात लंडननं जवळपास ६० टक्के मतं युरोपीय संघात राहण्याच्या बाजूनं दिली. लेस्टरचा कौलही, काठावर का होईना, ५१.१ टक्क्यांनी राहण्याकडेच गेला. ब्रेक्झिटचं मतदान म्हणजे निव्वळ स्थलांतरावरचं मतदान नव्हे, हे मान्य. तरीही संघ सोडण्याच्या बाजूनं देशात सर्वांत जास्त, ७५.६ टक्के, मतं कुठे पडली? लिंकनशरमधल्या बॉस्टन या गावात, जिथली वस्ती २०११ मध्ये जेमतेम ६५,००० होती. जर्मनीत ऑक्टोबर २०१४ पासून 'पेगिडा' या इस्लामीकरणविरोधी चळवळीचे मोर्चे ज्या ड्रेस्डेनच्या रस्त्यांवर दर सोमवारी निघू लागले, ते शहर बर्लिन, फ्रँकफर्ट किंवा स्टुटगार्टच्या मानानं कितीतरी कमी परदेशी लोकांचं. जानेवारी २०१५ मध्ये त्या मोर्चात एका संध्याकाळी २५,००० माणसं होती, असा पोलिसांचा अंदाज होता. मुसलमान अगदी थोडे असलेल्या प्रांतात इस्लामीकरणाविरुद्ध एवढी गर्दी.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. लंडनसारख्या शहराची उदार वृत्ती थोडी गाळून आलेली असते. ज्यांना तो गोंगाट आणि ती सरमिसळ सोसत नाही ते घर विकून बाहेर पडतात, आणि ज्यांना तीच हवीशी वाटते ते तरुण लोक तिथे येऊन राहतात. उरलेल्यांना विचारलं की तुम्हाला कसं वाटतं, तर ते 'छान वाटतं' म्हणणारच. महानगरांच्या मोठ्या मनाचं कौतुक करताना हे गाळप विसरलं जातं.

पण बॉस्टनचं काय झालं ते फक्त गाळपानं सुटत नाही. मे २००४ मध्ये पूर्व युरोपातले आठ देश संघात आले. जुन्या सदस्यांपैकी ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडन यांनीच आपला श्रमबाजार लगेच खुला केला. ब्रिटनमध्ये दरवर्षी निव्वळ ५,००० ते १३,००० माणसं येतील असा अंदाज सरकारी अहवालात होता. तो किती चुकला हे सांगायला बॉस्टनचा एक रस्ता पुरे होता. सपाट, सुपीक जमीन, कोबी-फ्लॉवरची शेतं, भाज्या खुडून-धुऊन पाकिटबंद करणारी गोदामं, आणि मुकादमांच्या हाताखाली दिवसाच्या बोलीवर राबणारी माणसं. २०११ पर्यंत गावातल्या दर दहा माणसांत एकाहून थोडी जास्त माणसं संघाच्या नव्या सदस्य देशांत जन्मलेली होती. २००१ मध्ये हे प्रमाण नगण्य होतं. लंडनच्या बहुतेक वस्त्यांच्या मानानं हा आकडा किरकोळ. पण लंडनला ही सवय व्हायला अनेक पिढ्या मिळाल्या, बॉस्टनला एक दशकही धड मिळालं नाही. दोन भाषा येणारी शिक्षिका, दुभाषा ठेवणारा दवाखाना, भाड्यानं दिलेल्या घरात किती माणसं कोंबली आहेत ते तपासणारा अधिकारी, यांतलं काहीच त्या गावाला कधी लागलं नव्हतं, म्हणून ते नव्हतंच.

गंमत म्हणजे या विषयावरचा मला सर्वांत आवडणारा प्रयोग झाला तो दुसऱ्या बॉस्टनजवळ, अमेरिकेतल्या. याच जुन्या गावावरून त्याचं नाव पडलेलं. रायन इनोस नावाच्या राज्यशास्त्रज्ञानं २०१२ च्या उन्हाळ्यात काय केलं, तर शहराच्या आसपासच्या, बहुतांश गोऱ्या वस्तीच्या उपनगरांतली रेल्वे स्टेशनं निवडली. तिथून रोज सकाळी ठरावीक गाडीनं कामाला जाणारी तीच ती माणसं असतात. त्यांना आधी एक प्रश्नावली दिली. मग काही फलाटांवर रोज त्याच वेळी स्पॅनिश बोलणारे दोन तरुण येऊन उभे राहू लागले. त्यांनी काही मागायचं नव्हतं, कुणाशी भांडायचं नव्हतं, भाषण करायचं नव्हतं. नुसतं उभं राहायचं, गाडी आली की चढायचं. आपापसांत बोलायचं ते आपल्या भाषेत.

काही दिवसांनी त्याच प्रवाशांना पुन्हा प्रश्न विचारले. ज्या फलाटांवर हे तरुण उभे राहत होते, तिथल्या लोकांची मतं स्थलांतराविरुद्ध कडक झाली होती. कुणाची नोकरी गेली नव्हती, कुणाच्या मुलाची शाळेतली जागा गेली नव्हती. फलाटावर दोन माणसं वाढली होती, एवढंच. ही सगळी माणसं सुशिक्षित, चांगल्या पगाराची, उदारमतवादी म्हणवणाऱ्या राज्यातली. मला हा प्रयोग वाचून राग आला नाही, जरा ओशाळल्यासारखं झालं. कारण सकाळच्या गर्दीत आपल्या नेहमीच्या जागी नवा चेहरा दिसला की कपाळावर येणारी बारीक आठी मला ओळखीची आहे.

त्याच प्रयोगाचा दुसरा भाग लोक कमी सांगतात. दहा दिवसांनंतर विचारलं तेव्हा मतांमधला कडकपणा थोडा उतरलेला दिसला. उभ्या राहणाऱ्या तरुणांपैकी काहींनी कळवलं, की लोक आता ओळखू लागलेत, हसतात. म्हणजे पहिला धक्का अनोळखीपणाचा असतो आणि तो विरू शकतो. मात्र फलाटावर शेजारी उभं राहणं ही काही मोठी ओळख नव्हे. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञानं १९५४ मध्येच लिहून ठेवलं होतं, की दोन गट नुसते जवळ आले म्हणून पूर्वग्रह जात नाहीत. दोघांचा दर्जा बरोबरीचा हवा, काहीतरी एकत्र साधायचं असावं, त्यासाठी एकमेकांवर अवलंबून राहावं लागावं, आणि वर जे कोणी अधिकारात आहेत त्यांचा या सगळ्याला पाठिंबा हवा. ही चौकट वाचली की मी शहरं तपासत बसतो. किती शहरांत घरमालक आणि भाडेकरू, मुकादम आणि मजूर, गिऱ्हाईक आणि डिलिव्हरीवाला यांच्या पलीकडे जुन्या-नव्यांची गाठ पडते?

मी राहतो त्या इमारतीत एकदा लिफ्टवरून बैठक झाली होती. लिफ्ट सारखी बंद पडायची. बैठकीत पहिल्या काही मिनिटांतच एक गृहस्थ म्हणाले, "हे नवे भाडेकरू आल्यापासून सुरू झालंय हे. एकेका फ्लॅटमध्ये पाच-पाच पोरं." माना डोलल्या. मग कुणीतरी देखभालीची जुनी फाइल काढली. लिफ्टचा मुख्य दोर बदलायची सूचना कंपनीनं कितीतरी आधी दिलेली होती, आणि वर्गणी वाढू नये म्हणून दरवर्षी सर्वानुमते ती पुढे ढकललेली होती. ती पोरं राहायला आली ते वर्ष आणि दोरानं मान टाकली ते वर्ष एकच, बाकी त्यांचा संबंध नाही. फाइल वाचून झाल्यावर गृहस्थ म्हणाले, "ते ठीक आहे हो, पण वापर वाढलाच ना?" आणि तेही खोटं नव्हतं. वापर वाढलाच होता. शहरांचंही नेमकं इथेच घोडं अडतं. तक्रार शंभर टक्के खोटी असती तर खोडून काढता आली असती. घरं बांधायची थांबलेली असतात, दवाखान्यात वर्षानुवर्षं डॉक्टरांची भरती झालेली नसते, आणि अशा वेळी जो दारात उभा असतो त्याच्या नावावर सगळं बिल फाडलं जातं. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणावं, तर संन्याशानंही एक खोली व्यापलेली असतेच.

कामधंद्याच्या बाबतीत हे आणखी स्पष्ट दिसतं. मायरन वायनर या अमेरिकी अभ्यासकानं भारतातल्या भूमिपुत्रांच्या चळवळींचा अभ्यास करताना एक साधा प्रश्न विचारला होता. बाहेरच्यांची संख्या कोलकात्यातही प्रचंड होती, मुंबईतही. मग १९६० च्या दशकात संघटित विरोध मुंबईत का उभा राहिला, कोलकात्यात त्या जोरानं का नाही? त्याचं उत्तर रोजगाराच्या पायऱ्यांमध्ये होतं. कोलकात्याच्या ताग गिरण्यांत बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेले मजूर होते आणि कचेऱ्यांत बंगाली कारकून. दोघांच्या वाटा एकमेकींना फारशा छेदत नव्हत्या. मुंबईत १९६० नंतर, राज्य आपलं झालं या भावनेनं, शिकून बाहेर पडलेल्या मराठी तरुणांची नजर ज्या कारकून-टायपिस्टच्या खुर्च्यांवर होती, त्यांतल्या पुष्कळ खुर्च्यांवर दक्षिणेतून आलेले लोक आधीच बसले होते. १९६६ मध्ये शिवसेना स्थापन झाली तेव्हा रोख गिरणीत किंवा गोदीत राबणाऱ्या उत्तर भारतीयावर नव्हता, टाइपरायटरवरच्या दाक्षिणात्यावर होता. बोट कुणाकडे जाणार हे येणाऱ्याच्या भाषेवरून ठरलं नाही, तो कोणत्या पायरीवर उभा आहे त्यावरून ठरलं. पुढच्या काळात पायऱ्या बदलल्या आणि बोटही फिरलं.

आता असं वाटेल, की मग जिथे घरं रिकामी आणि माणसं कमी, तिथे तरी पायघड्या घातल्या जात असतील. अमेरिकेच्या मेन राज्यातलं लुइस्टन हे कापडगिरण्यांचं शहर. गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, तरुण निघून गेले, २००० मध्ये लोकसंख्या ३६,००० च्या आत आली होती. कामगारांच्या जुन्या इमारतींत खोल्या पडून होत्या. २००१ पासून तिथे सोमालियाचे निर्वासित येऊ लागले. सरकारनं पाठवलेले नव्हे, तर इतर मोठ्या शहरांत आधी राहून, तिथलं भाडं आणि गुन्हेगारी बघून स्वतःहून आलेले. दीड वर्षात हजाराच्या वर माणसं आली. आणि ऑक्टोबर २००२ मध्ये शहराच्या महापौरांनी सोमाली समाजाच्या वडीलधाऱ्यांना उघड पत्र लिहिलं: आणखी लोकांना येण्यापासून परावृत्त करा, आम्हाला श्वास घ्यायला उसंत हवी, आमचं शहर पैशानं, साधनांनी आणि मनानंही थकून गेलंय.

लेस्टरच्या जाहिरातीनंतर बरोबर तीस वर्षांनी लिहिलेलं हे पत्र. दोन्ही मजकूर शेजारी ठेवले की फरक दिसतो तो एका शब्दापुरता. लेस्टरनं घर, शाळा, दवाखाना मोजला. लुइस्टननं मनही त्यात मोजलं, आणि मला वाटतं ते खरं होतं. रिकाम्या होत चाललेल्या शहराकडे जागा असते, पण त्याचा धीर खचलेला असतो. आपली पोरं राहिली नाहीत, आपल्या गिरणीला कुलूप लागलं तेव्हा कुणी धावून आलं नाही, आणि आता कोण कुठल्या माणसांना घराचं भाडं, शाळेत दुभाषा मिळतोय, हा सल भरल्या घरात नसतो. ड्रेस्डेनचंही काहीसं असंच. जर्मनीच्या एकीकरणानंतर पूर्वेकडच्या शहरांनी कारखाने गमावले आणि तरुणांना, त्यातही तरुणींना, पश्चिमेकडे जाताना पाहिलं. स्थलांतर म्हटलं की तिथल्या माणसाला आधी आठवतात ते निघून गेलेले. येणाऱ्यांवरचा राग बराचसा जाणाऱ्यांवरचा असतो, पण पोटच्या पोरावर मोर्चा काढता येत नाही.

लुइस्टनचा इतिहास तर आणखी बोलका. त्या गिरण्या चालवल्या होत्या कॅनडाच्या क्युबेकमधून आलेल्या फ्रेंचभाषक कॅथलिकांनी. मेन राज्यानं १९१९ मध्ये कायदा करून सरकारी शाळांतलं शिक्षण इंग्रजीतूनच व्हायला हवं असं ठरवलं, आणि पुढच्या दशकात कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेनं त्या राज्यात याच फ्रेंच कॅथलिकांविरुद्ध रान उठवलं. ज्यांच्या आजी-आजोबांना हे भोगावं लागलं, त्यांची नातवंडं २००२ मध्ये 'आमचं शहर' म्हणत होती. यात दुटप्पीपणा आहे असं म्हणून मोकळं होता येईल. मला मात्र यात शहराची पचनशक्ती दिसते. परक्याचा 'आमचं शहर' म्हणणारा रहिवासी बनवायला तीन पिढ्या पुरल्या.

पत्रानंतर जे झालं ते महापौरांच्या मनात नसावं. देशभर बातम्या झाल्या, आणि गोऱ्यांच्या श्रेष्ठत्वाचा डंका पिटणाऱ्या एका संघटनेनं जानेवारी २००३ मध्ये लुइस्टनमध्ये सभा लावली. सभेला तीसेक जण आले. त्याच दिवशी शहराच्या दुसऱ्या टोकाला बेट्स कॉलेजात सोमाली शेजाऱ्यांच्या पाठीशी उभे राहायला ४,००० हून जास्त माणसं जमली, मेनच्या जानेवारीतल्या थंडीत. त्या चार हजारांतल्या सगळ्यांना सोमाली शेजार मनापासून हवा होता असं मी मानत नाही. बाहेरून आलेल्या टोळक्यानं आपल्या शहराच्या नावानं बोलावं हे त्यांना रुचलं नसणार. कधी कधी शहराचा अहंकारही कामी येतो. २०१५ मध्ये लुइस्टनच्या शाळेनं फुटबॉलचं राज्य अजिंक्यपद पहिल्यांदा जिंकलं तेव्हा संघातली बरीचशी मुलं सोमाली निर्वासितांच्या घरातली होती. ऑलपोर्टच्या चारही अटी एका मैदानावर, आणि त्याही कुणी योजना न आखता.

शहराच्या नावानं कोण बोलतं, हा भाग मला घर-शाळेइतकाच वजनदार वाटतो. डॅनियल हॉपकिन्स या अभ्यासकानं २०१० मध्ये अमेरिकेतली आकडेवारी तपासून दाखवलं, की वस्तीतली स्थलांतरितांची संख्या एकदम वाढली तरी नुसत्या त्या वाढीनं लोक भडकत नाहीत. त्याच काळात देशपातळीवर या विषयाचा गदारोळ चालू असेल, तरच शेजारचं नवं कुटुंब 'प्रश्न' म्हणून दिसू लागतं. ब्रिटनमधल्या पाहण्यांतही वर्षानुवर्षं एक चमत्कारिक अंतर दिसत आलंय: स्थलांतर हा देशापुढचा मोठा प्रश्न आहे म्हणणारे पुष्कळ, आपल्या भागात तो प्रश्न आहे म्हणणारे त्याहून कितीतरी कमी. म्हणजे माणूस आपल्या गल्लीविषयी डोळ्यांनी बोलतो आणि देशाविषयी कानांनी.

बेल्जियममधल्या मेखेलनचं उदाहरण या संदर्भात नेहमी दिलं जातं, तेवढ्यापुरतं मीही देतो. बार्ट सोमर्स २००१ मध्ये तिथले महापौर झाले तेव्हा शहर गुन्हेगारी आणि बकालपणासाठी बदनाम होतं, अतिउजव्यांचा जोर होता. त्यांनी समतेची प्रवचनं देण्याआधी रस्ते झाडले, दिवे लावले, कॅमेरे आणि पोलिस वाढवले. मग नव्यानं आलेल्या माणसाची जुन्या रहिवाशाशी जोडी लावून देण्यासारखे उपक्रम केले. त्यांना २०१६ चा 'वर्ल्ड मेयर' पुरस्कार मिळाला. पोलिस आधी आणि बंधुभाव मग, हा क्रम माझ्या उदारमतवादी मित्रांना खटकतो. मला पटतो. अंधाऱ्या रस्त्यावर सगळेच अनोळखी चेहरे सारखे दिसतात.

लेस्टरबद्दल आणखी एक. २०२२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, आशिया चषकातल्या भारत-पाकिस्तान सामन्यानंतर, तिथे हिंदू आणि मुस्लिम तरुणांचे जमाव समोरासमोर आले. बाहेरून पाहणाऱ्यांनी लगेच निकाल दिला, की सलोख्याचं ते कौतुक सगळं फोल होतं. मला तसं वाटत नाही. पन्नास वर्षांपूर्वी जुळलेलं आपोआप जुळलेलं राहत नाही, एवढंच त्यातून कळतं. होजियरीचे कारखाने केव्हाच मोडीत निघालेत, तयार कपडे शिवणाऱ्या छोट्या कारखान्यांतली मजुरी अनेकदा वादात सापडलीय, आणि आता येणारा माणूस १९७२ च्या शहरात येत नाही. आधी स्थिरावलेला आशियाई नव्या आशियाईकडे कसं बघतो, हा लेस्टरचा आजचा प्रश्न आहे. त्या जुन्या जाहिरातीतलं 'पूर्वी आलेल्यांना मिळालं ते शहर आता राहिलेलं नाही' हे वाक्य आज कुणाच्या तोंडी असेल ते सांगायला नको.

मग करायचं काय, असं कुणी विचारलं तर माझ्याकडे मोठं उत्तर नाही, एक रुक्ष उत्तर आहे. देशात कोण येणार हे राजधानी ठरवते. तो उतरतो कुठल्या तरी शहरात. शहराला पैसा मिळतो तो मागच्या जनगणनेच्या किंवा जुन्या अंदाजांच्या हिशेबानं, आणि मुलं शाळेच्या दारात उभी राहतात ती याच सप्टेंबरमध्ये. हे अंतर ब्रिटनमध्ये सरकारला कळलंही होतं. २००९ मध्ये तिथे वर्षाला ३.५ कोटी पौंडांचा एक निधी सुरू झाला. लोकसंख्या झपाट्यानं बदललेल्या भागांतल्या शाळा, दवाखाने, घरतपासणी यांसाठी. त्यासाठी पैसा येत होता तो परदेशी लोकांच्याच व्हिसा शुल्कावर लावलेल्या जादा आकारातून. म्हणजे जुन्या रहिवाशाच्या खिशाला तोशीस नाही. २०१० मध्ये सरकार बदललं आणि नव्या सरकारनं काटकसरीत तो बंद केला. तशाच हेतूचा नवा निधी जाहीर होऊन सुरू झाला तो २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये.

मधल्या सहा वर्षांत तो चालू राहिला असता तर बॉस्टननं वेगळं मत दिलं असतं, असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. पंचाहत्तर टक्के असे एका निधीनं हलत नाहीत. पण बॉस्टनच्या दवाखान्यात एखादी दुभाषी बसली असती, आणि एका खोलीत आठ गाद्या टाकणाऱ्या घरमालकाच्या दारावर कुणीतरी थाप मारली असती. नोव्हेंबरमध्ये हे सुचलं तेव्हा सार्वमत होऊन पाच महिने झाले होते.